गुळाची काहील आणि तीन शिफ्टा

मी घर सोडलं ते अनवाणी. बूट होते, नवेकोरे होते, पण ते नाड्यांची गाठ मारून माझ्या गळ्यात लटकत होते. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खास दौंडच्या बाजारातून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. पोरगं पुण्याला चाललंय, जिममध्ये राहणार, व्यायाम करणार, तर पायात स्लिपर बरी दिसत नाही, असा त्यांचा विचार. ते घालून मी ऐटीत घरातून निघालो, नदीपर्यंत आलो, काहिलीत पाय टाकणार एवढ्यात शंकरआप्पा गरजले, "ए पैलवान, बूट भाईर! गुळाचं भांडं हाय ते."

आमच्या भागातल्यांना काहील सांगायला नको, पण जे पलीकडच्या मुलखात जन्मले त्यांच्यासाठी सांगतो. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला जी भली थोरली लोखंडी कढई असते, ती काहील. बूड सपाट, काठ उभे, आत चार माणसं आणि एक सायकल सहज मावेल एवढा घेर. शंकरआप्पांचं गुऱ्हाळ होतं. त्यांच्या चुलाणावर नवी काहील चढली तेव्हा जुनीला ठिगळं मारून त्यांनी ती भीमेत सोडली. आमची वस्ती भीमेच्या शिरूर तालुक्याकडच्या काठावर, समोरच्या काठावर दौंड तालुका आणि थोडं आत गेलं की राहू. बाजार राहूचा, हायस्कूल राहूचं, आण्णांची कुरकुंभची केमिकल कंपनी तीही पलीकडेच. पूल होता तो लांब, वळशाचा. त्यामुळे आमचं निम्मं आयुष्य त्या काहिलीतून गेलेलं आहे.

"आप्पा, आता कुठं गूळ शिजतोय त्यात?" आई म्हणाली. अख्खी वस्ती काठावर जमलेली, आणि आईला माझे बूट माझ्या पायातच बघायचे होते.

"म्हातारं झालं म्हून भांडं भांडं ऱ्हात न्हाई व्हय?" आप्पा म्हणाले आणि वल्हं घेऊन बसले. मी बूट काढले. आई सकाळपासून रडायच्या बेतात होती. पहाटे बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावताना तिच्या तीन काड्या वाया गेलेल्या मी पाहिल्या होत्या. पण गळ्यात बुटांची माळ घातलेला मुलगा बघून तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, "पाण्यात पडलास तर पड बाबा, पन उपाशी पडू नगंस."

आण्णा रात्रपाळी करून थेट काठावर आले होते. ते फार बोलणारे नाहीत. "एक वरीस," ते म्हणाले. "तवर न्हाई जमलं तर गुमान यायचं आन् माझ्या प्लँटला लागायचं. सुपरवायझरच्या कानावर घालून ठिवलंय म्या." काहील काठापासून सुटली तसं त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, "ध्यानात ठेव, रिलिव्हर आल्याबिगर प्लँट सोडायचा न्हाई."

हे त्यांचं कंपनीतलं वाक्य. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन जागेवर उभा राहिल्याशिवाय आधीच्यानं मशीनपासून हलायचं नाही, असा तिथला नियम. आण्णांनी तो नियम घरी आणला. म्हशीला पाणी पाजताना, चुलीवर दूध असताना, लहान भाचरं खेळवताना, कुठंही तेच. पुण्याला जाणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग, हे मला तेव्हा समजलं नाही.

आता तुम्ही विचाराल, शिरूर-दौंडकडचा पोरगा, उसाच्या आणि ज्वारीच्या रानातला, तो जिम आणि होड्यांच्या भानगडीत पडला कसा? तर कराट्यामुळे.

राहूच्या हायस्कूलच्या मैदानावर बनसोडे सर कराटे शिकवायचे. नोकरी शाळेतली, पण जीव त्या मैदानात. मी सातवीत असल्यापासून संध्याकाळी काहील घेऊन पलीकडे जायचो, पांढरा ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी डोक्यावर. सुरुवातीला आप्पा सोडायला यायचे. मग कंटाळले. "तूच शिक मारायला," म्हणाले.

काहील चालवणं म्हणजे खायचं काम नाही. ती गोल. तिला पुढं-मागं काही कळत नाही. उजवीकडनं वल्हं मारलं की ती डावीकडं गर्रकन फिरते आणि तुम्ही ज्या काठावरून निघालात त्याच काठाकडं तोंड करून बसता. मी आठवडाभर नदीच्या मधोमध भिंगरीसारखा फिरलो आणि दोन्ही तालुक्यांची करमणूक केली. मग आप्पांनी तोड सांगितली. एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा. वल्हं लांब टाकून ओढायचं आणि शेवटाला मनगट वळवून पाणी बाहेर ढकलायचं. "रस उकळताना मळी कशी लोटतो आपुन? वरनं वढायची आन् कडंला लोटायची. तसंच. मळी लोट!" गुऱ्हाळावर उकळत्या रसावरचा तो मळकट फेस, म्हणजे मळी, काढताना लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे मला ते पटकन कळलं. काहील सरळ जायला लागली. तिकडे मैदानावर बनसोडे सर सांगायचे, "ताकद खांद्यात न्हाई रे, कमरंत हाय." दोघांची कधी भेटही झाली नसेल, पण दोघं मिळून मला एकच गोष्ट शिकवत होते, हे कळायला मला पुण्यापर्यंत जावं लागलं.

बारावी झाली तेव्हा माझा ब्राऊन बेल्ट होता आणि टक्के सांगण्यासारखे नव्हते. सरांनीच मार्ग काढला. त्यांच्या एका मित्राची पुण्यात जिम होती. पहाटे उघडायची, झाडायची, वजनं जागेवर लावायची, त्या बदल्यात राहायला माळा आणि व्यायाम फुकट. जवळच नदीवर एक बोट क्लब. "कराट्याच्या सर्टिफिकिटावर नोकरी मिळंल न मिळंल," सर म्हणाले, "पन ह्यो होडीचा खेळ लई कमी पोरं खेळत्यात. राज्याच्या टीममदी आलास तर भरतीत इचार व्हतो. तुला पाण्याची सवय हाय. मात्र कराटे सोडायचं न्हाई. ब्लॅक बेल्ट माझ्या हातानं बांधनार मी तुला." अशा रीतीनं मी एका कामासाठी निघालो आणि तीन कामं गळ्यात घेऊन पुण्याला पोचलो. बूट धरून चार.

ते नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. जिममध्ये भिंतभर आरसे, कॅसेटवर हिंदी गाणी आणि आरशासमोर दंड फुगवून बघणारी पोरं. गावाकडं आम्ही डालड्याच्या डब्यात सिमेंट भरून वजनं केली होती. इथं चकचकीत लोखंड, प्रत्येकावर आकडा. मला पहिले पंधरा दिवस स्वर्गात आल्यासारखं वाटलं. बेंचप्रेस, स्क्वॉट, पुलअप हे शब्द मी दिवसभर जिभेवर घोळवत असायचो. पहाटे लोखंड, दुपारी नदी, संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये कराटे. मला वाटलं, एवढं केलं तर माणूस कुठल्या कुठं जाईल.

गेलो, पण पाण्यात.

बोट क्लबचे कोच म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार साहेब. मिश्या कडक, मराठी तोडकंमोडकं, हिंदी खणखणीत. त्यांनी मला पहिल्या दिवशी कयाक दिली. कयाक म्हणजे बसून चालवायची निमुळती होडी, रुंदी माझ्या कमरेइतकी, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. मी सवयीनं बूट काढून धक्क्यावर नीट जोडून ठेवले. मग मैदानात शिरताना वाकतो तसा होडीला वाकून "ओस" असा कराट्यातला नमस्कार केला. धक्क्यावरची पोरं खो-खो हसली. सुभेदार साहेब हसले नाहीत. "अच्छा है," म्हणाले, "नाव की इज्जत करता है. अब बैठ."

बसलो. होडी डुगडुगली. आता काहील डुगडुगली तर काय करायचं, हे आमच्या काठावरच्या शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. चटकन गुडघ्यावर उठायचं आणि पाय फाकून वजन पसरायचं. मी चटकन गुडघ्यावर उठलो. कयाकमध्ये उठलं की काय होतं, ते लगेच कळलं. पडताना सवयीप्रमाणे पोटातून कराट्याची आरोळीही निघाली. नदीवरचे बगळे उडाले म्हणे. त्या दिवसापासून क्लबात माझं नाव 'बाँब' पडलं, कारण मी आवाज करून पाण्यात पडायचो.

आणि मी रोज पडायचो. हात शिकले तर गुडघे ऐकायचे नाहीत. होडी जरा हलली की अंग आपोआप वर उठायचं. भरीस भर, जिममुळे खांदे दगड झाले होते. संध्याकाळी काता करायला उभा राहिलो की, काता म्हणजे कराट्यातल्या ठरावीक हालचालींची साखळी, तर ती करताना मी कवायत करणाऱ्या होमगार्डसारखा दिसायचो. लाथा मारून मांड्या भरून आल्या की दुसऱ्या दिवशी स्क्वॉटच्या बैठका जमायच्या नाहीत. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या ताटातलं खात होती. एक ना धड, भाराभर चिंध्या. सुभेदार साहेब म्हणायचे, "दो नाव में पैर रखनेवाला डूबता है. तू तो तीन में है, बाँब." आणि एक दिवस त्यांनी साऱ्या नव्या पोरांना स्पष्ट सांगितलं, की दिवाळीआधीच्या रविवारी जो नदीत तरंगत ठेवलेल्या लांबच्या लाल डब्यापर्यंत कोरडा जाऊन येईल तो राहील, बाकीच्यांनी आपापला रस्ता धरायचा.

माझा रस्ता ठरलेला होता. तो भांडगावच्या हायवेवरून कंपनीच्या बसनं कुरकुंभला जात होता. आण्णांच्या नोकरीची मला लाज नव्हती, आमचं घर तिच्यावर उभं होतं. पण आण्णांच्या कपड्यांना येणारा तो उग्र वास, धुऊनही न जाणारा, तो आयुष्यभर माझ्या अंगाला येणार, हा विचार मला नकोसा वाटायचा. हे मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तरी आण्णांना वाईट वाटलं नसतं, हे मला आता माहीत आहे.

दसऱ्याला दोन दिवस घरी गेलो. उजवा खांदा वर जात नव्हता. काहीलही आप्पांनीच चालवली. आईनं दारातच माझ्याकडं बघितलं आणि सुरू झाली, "हातपाय मोडून घ्यायला पुन्याला कशाला जायला पायजे? हितं काय कमी जागा हाय?" पण ताटात भाकरीवर भाकरी पडत होती. आण्णांनी मात्र मला समोर बसवून सगळा दिवस विचारून घेतला. पहाटे काय, दुपारी काय, संध्याकाळी काय. मग तंबाखू मळायला घेतली.

"म्हंजी ए, बी आन् सी, तिन्ही शिफ्टा तूच करतुयास," ते म्हणाले. "रिलिव्हर कुठाय?"

"आण्णा, अंगाला कुठला आलाय रिलिव्हर?"

"का? येक खांदाच हाय व्हय तुला? आज खांद्याची ड्युटी आसंल तर लोखंडावर पाय लाव. उद्या लाथा मारायच्या आसतील तर खांदा लोखंडावर. ज्यानं काल केलंय त्यो आज घरी. आन् वीकली ऑफ? आरं, आमचा बॉयलरसुदिक वरसातनं येकदा बंद ठिवत्यात, शटडाऊन म्हंत्यात त्याला. तू काय बॉयलरपेक्षा दांडगा हायस?"

मी हसलो, आईही हसली. पण पुण्याला परतल्यावर करून बघितलं. ज्या दिवशी नदी, त्या दिवशी जिममध्ये फक्त पाय. ज्या दिवशी कराटे, त्या दिवशी नदीला सुट्टी. सोमवारी सगळंच बंद. सोमवारी मी जिम उघडून द्यायचो, माळ्यावर जाऊन आईचे लाडू खायचो आणि पुन्हा झोपायचो. दोनच आठवड्यांत खांदा वर जायला लागला. कातात पुन्हा ओघ आला. मला इतका आनंद झाला की मी आरशासमोर एकटाच हसत उभा राहिलो आणि जिमच्या मालकानं विचारलं, "काय रे, पोरगी पटली का?"

सगळं सुधारलं, फक्त कयाक सुधारली नाही.

तो रविवार उजाडला. मी बूट काढले, वाकलो, बसलो. त्या दिवशी इतकं छान चाललं होतं म्हणून सांगू! लाल डबा हाताच्या अंतरावर आला. मागून पोरं ओरडत होती, "बाँब, बाँब!" आणि ती थट्टा नव्हती, त्यांना मनापासून मी राहायला हवा होतो. डब्याला वळसा घालताना वाऱ्याचा एक झोत आला, होडी कलली आणि माझा गुडघा, तो आमच्या भीमेकाठचा अडाणी गुडघा, वर उठला.

पाण्याखाली गेलो तेव्हा ओरडलोसुद्धा नाही. पोहत धक्क्यावर आलो. माझी कयाक उलटी होऊन तिकडेच तरंगत होती. संपलं, हे मला कळलं होतं. आता आण्णांना काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता. सुभेदार साहेबांनी शेडमधल्या एका जुन्या, रुंद, रंग उडालेल्या होडीकडे बोट केलं. "वो कॅनो ले जा, और अपनी कयाक खींचके ला." कॅनो म्हणजे एका पात्याच्या वल्ह्यानं, एकाच बाजूनं चालवायची होडी. तिथं ती फक्त सामान आणायला वापरत. तीत बसायची फळी मोडलेली होती. म्हणून मी एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढं रोवला.

आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. वल्हं लांब टाकलं, कमरेतून ओढलं आणि शेवटी मनगट आपोआप वळलं. मळी लोट. पुन्हा टाकलं, पुन्हा ओढलं. मळी लोट. ज्यानं गोल काहील सरळ नेली, त्याला लांबट होडी सरळ नेण्यात काय अवघड! वाऱ्याचा झोत आला, मी गुडघ्यावर उठलो, आणि इथं उठायचंच असतं! मी डब्यापर्यंत गेलो, कयाक बांधली आणि ओढत परत आलो. कसा गेलो न् कसा आलो, कुणाकडं पाहिलंही नाही.

"फिर से जा," सुभेदार साहेब म्हणाले.

"साहब, कयाक तो आ गयी."

"कयाक को मार गोली. फिर से जा."

परत गेलो, परत आलो. ते धक्क्यावर उकिडवे बसले होते, डोळे बारीक करून माझ्या मनगटाकडे बघत. "ये पीछे का धक्का किसने सिखाया? लोग सालभर में नहीं सीखते."

"आमच्या शंकरआप्पांनी, साहेब. गुळाच्या काहिलीत."

ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. "जो भी हो," म्हणाले, "उनको मेरा सलाम बोलना."

पुढं सोपं होतं असं नाही. शर्यतीची कॅनो त्या जुन्या होडीपेक्षा खूप अरुंद, तिच्यातूनही मी भरपूर पडलो. पण आता पडलो तर का पडलो ते कळायचं. खांद्यानं मारायला लागलो की बनसोडे सर कानात बोलायचे, कमरेत आणायला लावायचे. रोवलेला पाय म्हणजे कातातलाच पवित्रा होता. जिममधले स्क्वॉट त्या पायाला तोलून धरायचे. तीन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका गुडघ्यावर येऊन बसल्या. राज्याच्या निवडीत माझं नाव आलं तेव्हा खरं सांगायचं तर कॅनोवाले आम्ही मोजकेच होतो, सगळी गर्दी कयाककडं. पण नाव ते नाव.

एसटीडी बूथवरून राहूच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदारानं निरोप धाडला, आण्णा आणि आई काहिलीतून पलीकडे आले, मी तासाभरानं पुन्हा फोन लावला. मी बातमी सांगितली. पलीकडं दुकानातला तराजू आपटल्याचा आवाज आला. मग आण्णा म्हणाले, "मंग सुपरवायझरला न्हाई म्हून सांगू?"

"सांगा, आण्णा."

"सांगतो," ते म्हणाले आणि खोकले. आमच्या आण्णांना दाटून आलं की खोकला येतो. मीही बूथच्या काचेकडं तोंड केलं. आईनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, "जेवलास का?"

त्याच उन्हाळ्यात बनसोडे सरांनी हायस्कूलच्या मैदानावर माझ्या कमरेला काळा पट्टा बांधला. तो बांधताना त्यांनी गाठ इतकी आवळली की जेवताना सोडवेना. पुढं एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून भरती झालो आणि सरावासाठी मला केरळात, आलप्पुळ्याला पाठवलं. चार महिन्यांसाठी गेलो होतो, तिथलाच झालो.

तुम्ही जे तिकडे वस्तीवर राहिलात, ते मला विचारता, करमतं का रे तिथं? आणि तुम्ही जे माझ्यासारखे दूर गेलात, ते विचारतच नाही, कारण तुम्हाला उत्तर माहीत आहे. पहिली दोन वर्षं नाही करमलं. आमच्या शिरूरच्या वरच्या अंगाला प्यायच्या पाण्याला टँकर यायचे, आणि इथं घरापुढं पाणी, मागं पाणी, रस्त्याऐवजी पाणी. एवढं पाणी बघून मला सुरुवातीला राग यायचा. मेसमधल्या चेची, म्हणजे ताई, भाताचं पातेलं घेऊन यायच्या, आणि मी भाकरीच्या आठवणीनं तोंड पाडून बसायचो. "मोने, पदुक्के," त्या म्हणायच्या. बाळा, हळूहळू. बोलण्यात अजून माझ्या तिन्ही भाषांची मिसळ असते. वल्ह्याला तुळा म्हणतो, होडीला वळ्ळम म्हणतो, आणि ठेच लागली की मात्र 'आई गं'.

पण एक गोष्ट मी पहिल्याच सकाळी बघितली होती. एक म्हातारा कोळी लाकडी वळ्ळममध्ये चढत होता. चढण्याआधी त्यानं वाकून चपला काढल्या, होडीच्या काठाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि मग पाय टाकला. मी काठावर उभा राहून त्याला इतका वेळ बघत राहिलो की त्यालाच संकोच वाटला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, इथं राहता येईल.

राहिलो. आता इथंच मुलांना कॅनो शिकवतो. पहाटे त्यांची जिम, मग पाणी, आठवड्यातून तीन संध्याकाळी कराटे. सोमवारी शटडाऊन. पोरांना मल्याळममध्ये तो शेवटचा धक्का समजावून सांगता येईना, म्हणून वैतागून मी एकदा ओरडलो, "मळी! मळी लोट!" तो शब्द इथं रुजला. आज आलप्पुळ्याच्या पाण्यावर पोरं एकमेकांना "मळी, मळी!" म्हणून ओरडतात आणि त्यांच्यातल्या एकानंही गुऱ्हाळ पाहिलेलं नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग गूळ बी पाठवू का?" आणि खरोखर एक ढेप पाठवली.

माझी बायको लीना इथलीच, होड्यांत वाढलेली. आमची लेक सुजाता. नाव असं निवडलं की दोन्हीकडच्या आज्यांना आपलं वाटावं. ती पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिघं गावी गेलो. केडगावला गाडीतून उतरलो, जीप करून राहूला आलो. आता जवळच नवा पूल झालाय, जीपवाला म्हणाला दाराशी सोडतो. पण शंकरआप्पा काठावर उभे होते. काठी टेकत, पांढऱ्या मिश्या घेऊन, आणि पाण्यात काहील. महिनोन् महिने बाभळीखाली पालथी पडलेली, आमच्यासाठी पुन्हा ठिगळं मारून उतरवलेली.

सुजाताच्या पायात नवे बूट होते, चाललं की टाचेत लाल दिवे लागणारे. ती पळत काहिलीकडं गेली. आप्पांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार ते मला पाठ होतं. पण त्यांच्या आधीच ती मटकन खाली बसली, बूट ओढून काढले, काठावर नीट जोडून ठेवले आणि अनवाणी आत चढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी बुटांकडं बघितलं, मग तिच्याकडं. "गुणाची हाय," एवढंच म्हणाले.

आम्ही सगळे चढलो, लीना चपला हातात घेऊन, आणि आप्पा मधोमध बसले. मी वल्हं मारत निम्म्या पात्रापर्यंत आलो तशी सुजाता हट्टाला पेटली, मला दे. दिलं. तिनं गुडघा टेकला, जीव खाऊन एक हात मारला, आणि काहील गर्रकन फिरली. लीना किंचाळली, मी हसत सुटलो. "मळी लोट गं पोरी!" आप्पा ओरडले. बाकी त्यांचं बोलणं तिला निम्मंही कळत नव्हतं, पण हा शब्द तिच्या गावचा होता. तिनं इवलंसं मनगट वळवलं. काहील थांबली, विचारात पडल्यासारखी डुलली आणि वेडीवाकडी का होईना, आमच्या काठाकडं निघाली.

काठावर आण्णा उभे होते, निवृत्त झालेले, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. हात तोंडाशी धरून त्यांनी हाक मारली, "आता सोड रं प्लँट! रिलिव्हर आलाय!" आणि लगेच त्यांना खोकला आला.

मी उतरलो. आईनं सुजाताला उचललं, लीनाच्या गालावरून हात फिरवला आणि मग माझ्या पायांकडं बघितलं. "बूट कुठंयत तुजं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुजाताच्या बुटांशेजारी मीही काढून ठेवले होते, आणि या वेळी गळ्यात अडकवायचं राहून गेलं. मागं वळून पाहिलं. पलीकडच्या काठावर दोन जोड शेजारी शेजारी दिसत होते, एक मोठा, एक छोटा.

"पलीकडंच राह्यले," मी म्हणालो. "जाऊन आणतो."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि नातीला कडेवर घेऊन चालायलाही लागली. "घरात कशाला लागत्यात?"